कथेचा चौथा प्रहर

दिवाळी अंकांसाठी साहित्य मागविणारी पत्रके पावसाळ्यात निघू लागली म्हणजे घरोघरी कोणी ना कोणी कथा लिहावयास बसते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही हौस महाराष्ट्राच्या अंगी मुरली आहे. आमचे आष्टे हे सांगली-इस्लामपूर रस्त्यावरील उसाच्या पट्ट्यातले गाव. परंतु येथेही ती कमी नाही. आयुष्य शाळेत गेल्यामुळे अशी हस्तलिखिते 'गुरुजी, जरा नजर घाला' या विनंतीसह आमच्याकडे येत असतात. त्यांपैकी बहुतेकांचा इतिहास एकच असतो. कथा एका रात्री लिहिली, सकाळी घरच्यांनी वाहवा केली, दुपारी ती संपादकांकडे रवाना झाली आणि दोन महिन्यांनी साभार परत आली. मग लेखक किंवा लेखिका 'आपल्या अंगी प्रतिभा नाही' असे ठरवून लेखणी कायमची खाली ठेवते.

हा निवाडा आम्हांस अन्यायाचा वाटतो. या कथा पडल्या त्या प्रतिभेच्या अभावी नव्हेत, तर लेखनाचा अर्धा भाग झालाच नाही म्हणून. पेरणी झाली, पण भांगलण झाली नाही. अशा शेताचे पीक हलके आले तर दोष बियाण्यास का द्यावा?

लेखनानंतरच्या या कामाचा जितका स्पष्ट विचार राजशेखराने केला आहे, तितका फार थोड्यांनी केला असेल. हा कवी इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी कनोजच्या दरबारी होता. त्याचे घराणे यायावर. त्याचा पणजा अकालजलद यास त्याने महाराष्ट्राचा चूडामणी म्हटले आहे, तेव्हा त्याजवर आपला थोडा हक्क आहेच. त्याची 'काव्यमीमांसा' बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून १९१६ साली प्रसिद्ध झाली. तीत कवीने दिवस कसा घालवावा हे प्रहरांच्या हिशेबाने सांगितले आहे. पहिला प्रहर अध्ययनाचा, दुसरा रचनेचा, भोजनोत्तर तिसरा काव्यगोष्ठीचा आणि चौथा प्रहर सकाळी जे रचले त्याच्या परीक्षेचा. ही परीक्षा एकट्याने करावी किंवा मोजक्या माणसांत बसून करावी. तिचे कारणही तो देतो. रचनेच्या भरात विवेकाचा डोळा मिटलेला असतो. तो उघडल्यावर आपले काम पुन्हा पाहिले पाहिजे.

पाहून करावयाचे काय? राजशेखर चार कामे सांगतो. जे अधिक झाले ते टाकणे, जे उणे राहिले ते भरणे, जे चुकीच्या जागी बसले ते हलविणे आणि जे विसरले त्याचा धागा पुन्हा जोडणे. हजार वर्षे लोटली, बोरूची जागा टाकाने आणि टाकाची संगणकाने घेतली, तरी या चार कामांत पाचव्याची भर घालावी असे आम्हांस आढळलेले नाही. ती प्रत्यक्षात कशी होतात हे एका उदाहरणाने दाखवितो. लेखिकेच्या संमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबातील सुनेने एक कथा लिहिली. विषय असा : एक बालविधवा माहेरी परत येते, फायनलची परीक्षा उत्तीर्ण होते, आणि पुढे चाळीस वर्षे भावाच्या घरचे स्वयंपाकघर सांभाळून वारते. घरात अशी एक आतेसासू होऊन गेली होती, हे उघडच होते. पहिल्या लेखनात तिच्या त्यागाची स्तुती तीन ठिकाणी होती. ती समईसारखी जळली, चंदनासारखी झिजली, असेही लिहिले होते. आरंभी तिच्या नावाने शाळाखात्याचे एक पत्र आल्याचा उल्लेख होता. पुढे त्या पत्राचे काय झाले याचा पत्ता नव्हता.

प्रथम अधिकाचा त्याग. 'ती सर्वांना वाढून झाल्यावर, चुलीशी बसून, उरलेले जेवी' असे एक साधे वाक्य त्या कथेत होते. त्याच्या पाठोपाठ 'केवढा हा त्याग!' असा उद्गार होता. आम्ही सुचविले की उद्गार काढा, समई विझवा, चंदन सहाणेवर परत ठेवा. वाचकाच्या डोळ्यांपुढे पातेले खरवडणारी बाई उभी राहिली असता तिला त्यागमूर्ती म्हणण्याचे काम वाचकाकडे सोपवावे. ते त्याने केले तरच ते खरे. नवोदितांच्या कथेत ज्या वाक्यावर लेखकाचे सर्वांत अधिक प्रेम असते, तेच बहुधा काढावे लागते, कारण तेथे लेखक पात्राकडे न पाहता स्वतःच्या लेखणीकडे पाहत असतो.

नंतर स्थानांतर. कथेचा आरंभ त्या बाईच्या जन्मापासून होता. ती माहेरी परत येते तो दिवस सातव्या पृष्ठावर होता. तो पहिल्या पृष्ठावर आणला. मागील वृत्तान्तापैकी जेवढा जरूर तेवढाच पुढे दोन ठिकाणी वाटून दिला. गोष्ट कोठून सांगावी, तसेच ती कोणी सांगावी, हाही याच कामाचा भाग होय. ययातीची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहेच. वि. स. खांडेकरांनी ती ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून आळीपाळीने वदविली; तेवढ्याने जुने आख्यान तीन अंतःकरणांचा झगडा होऊन बसले.

मग विस्मृताचे अनुसंधान. ते पत्र कोठे गेले? आम्ही प्रश्न विचारला मात्र, आणि लेखिका बराच वेळ गप्प राहिली. पंधरा दिवसांनी ती दुसरे लेखन घेऊन आली. पत्र शिक्षिकेच्या नेमणुकीचे होते आणि ते थोरल्या भावाने दडवून ठेवले, असे आता तिने लिहिले होते. कथेला एकाएकी कणा आला. पण येथेच खरी अडचण उभी राहिली. थोरला भाऊ म्हणजे घरचे लोक तिच्या सासऱ्यांनाच ओळखणार! ते हयात, सर्वांच्या आदरास पात्र, आणि असे पत्र कधी आल्याचे तर कोणास ठाऊकही नाही. कथा खरी करावी तर घर दुखावते. घर राखावे तर कथा पुन्हा समईच्या उजेडात जाते. एकत्र कुटुंबात राहून लिहिणाऱ्या स्त्रीपुढे हा प्रश्न आज ना उद्या येतोच, आणि कित्येकींची लेखणी याच उंबऱ्यावर थांबते.

आमचे मत असे, की बाहेरच्या खुणा खुशाल बदलाव्यात. गाव, व्यवसाय, भावंडांची संख्या, घराची रचना बदलल्याने कथेचे काही बिघडत नाही. आतली गाठ मात्र सैल करू नये. तिने खुणा बदलल्या, आणि पाठविण्यापूर्वी धीर करून ती कथा आपल्या सासूबाईंना वाचून दाखविली. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, ट्रंकेत नको ठेवूस ते पत्र. असलं काही आलं असतं, तर वन्संनी ते तांदळाच्या कणगीत ठेवलं असतं. तिथं त्यांच्याखेरीज कुणाचा हात जात नसे."

या एका वाक्याने तिसरे लेखन झाले. पत्र भावाने दडविलेच नव्हते. ते त्या बाईच्याच हाती पडले होते. तिनेच ते तांदळाखाली पुरले आणि रोज त्यावरचे तांदूळ काढून ती घराला जेवू घालीत राहिली. का? भावाची तीन लहान मुले, आजारी भावजय, की बाहेरच्या जगाची भीती? कथा त्याचे उत्तर देत नाही, परंतु विचारावयास लावते. न्यून भरून निघाले ते असे. पहिल्या लेखनात एक देवी होती, दुसऱ्यात एक खलपुरुष; तिसऱ्यात माणसे आली. ही माणसे लेखिकेच्या घरातच होती, पण त्यांच्यापर्यंत पोहोचावयास तीन लेखने लागली. पुनर्लेखन म्हणजे भाषेला दिलेली कल्हई नव्हे. पहिल्या लेखनात भीतीने, घाईने वा सवयीने जे सत्य आपण वळसा घालून टाळले, त्याच्या दाराशी पुन्हा जाऊन उभे राहणे म्हणजे पुनर्लेखन.

आता कोणी विचारील, हे किती वेळा करावे? शब्द घालणे व काढणे मन दोलायमान असेतो चालते, आणि एकही शब्द बदलणे सोसेनासे झाले म्हणजे रचना पक्व झाली, असे वामनाच्या अनुयायांचे मत राजशेखराने दिले आहे. त्यावर तो आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत नावानिशी नोंदवितो, आणि ते वामनीयांच्या विरुद्ध आहे. ती म्हणते की शब्द बदलता न येणे हा परिपाक नव्हे, ते कवीचे असामर्थ्य होय. थोर कवीला एकच गोष्ट अनेक प्रकारे सांगता येते आणि ते सारे प्रकार पक्वच असतात. आम्हांस अवंतिसुंदरीचे म्हणणे नवोदितांस अधिक हितकर वाटते. 'यात मला आता काही बदलता येत नाही' असे लेखक म्हणतो, तेव्हा बहुधा तो थकलेला असतो, कथा पिकलेली नसते. टॉल्स्टॉयच्या 'युद्ध आणि शांतता'ची हस्तलिखिते त्याच्या पत्नीने पुनःपुन्हा उतरून काढली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी एका पत्नीने मत दिले व पतीने ते शास्त्रग्रंथात मांडले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

राजशेखराने पाकांचे नऊ प्रकारही फळांच्या नावांनी सांगितले आहेत. आरंभी व शेवटी दोन्हीकडे बेचव तो कडुनिंबाचा, आरंभी गोड पण शेवटी नीरस तो सुपारीचा, ते टाकावे. आरंभी रुक्ष पण शेवटी रसाळ तो द्राक्षाचा, दोन्हीकडे सरस तो नारळाचा; ते घ्यावे. बोर, चिंच, काकडी या मधल्यांवर संस्कार करावा. तासगावच्या द्राक्षांच्या शेजारी राहणाऱ्या आम्हांस ही परिभाषा समजावयास कोश लागत नाही. आपली कथा आठ दिवस बाजूस ठेवून मग वाचावी, आणि ती यांतले कोणते फळ हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे.

अतिरेकाचीही भीती आहेच. आमच्या भागातील गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले असेल त्यांस हे सांगणे नलगे. काहिलीत रस उकळू लागला म्हणजे भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात व काढून टाकतात. मळी राहिली तर गूळ काळा पडतो. पण गुळव्याची खरी परीक्षा काहील केव्हा उतरवावी यात असते. तो थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का पाहतो. क्षणभर आधी उतरविले तर ढेप बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो. कथेतही मळी काढता काढता रसच आटविणारे लेखक आम्ही पाहिले आहेत. फ्लोबेरने 'मादाम बोव्हारी'वर १८५१ ते १८५६ अशी सुमारे पाच वर्षे घालविली आणि आपली वाक्ये मोठ्याने म्हणून पारखली. परंतु शेवटी त्यानेही काहील उतरविलीच.

मोठ्याने वाचणे ही पाण्यातली गोळी होय. याच वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांस शाळेचा लाभ जवळजवळ झाला नाही. तमाशा, पोवाडा आणि १९४४ सालच्या लाल बावटा कलापथकातील लोकनाट्ये यांतून हजारो श्रोत्यांपुढे त्यांचा शब्द पारखला गेला, आणि मग १९५९ साली 'फकिरा' आली. श्रोता कोठे चुळबुळतो हे ज्याने पाहिले, त्यास पाल्हाळ कोणते हे वेगळे शिकवावे लागत नाही. उलट हरिभाऊ आपट्यांची अडचण पाहा. १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' प्रकरणशः निघत होती. छापून गेलेले प्रकरण परत बोलाविता येत नाही. तशा धांदलीतही यमूचा आवाज अखेरपर्यंत खरा राहिला, हे त्यांचे सामर्थ्य. पण त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, हेही विसरू नये. आणि थांबणे म्हणजे आळस नव्हे. सांगलीस १८९८ साली जन्मलेल्या खांडेकरांनी 'क्रौंचवध' (१९४२) नंतर सुमारे एक तप कादंबरी प्रसिद्ध केली नाही. त्यानंतर 'अश्रू' आली आणि १९५९ साली 'ययाति'. मराठीला पहिले ज्ञानपीठ याच लेखकामुळे लाभले.

ऐकावयास कोणास बसवावे? राजशेखर रसिकांचे चार वर्ग करतो : ज्यास काहीच रुचत नाही तो, गवतासकट सारे गिळणारा, मत्सरी, आणि तत्त्व पारखणारा. एकत्र कुटुंबाचे भाग्य असे की हे चौघेही एकाच माजघरात सापडतात! पहिल्यास कथा ऐकवू नये, तो हात गारठवितो. दुसऱ्याची स्तुती आनंदाने घ्यावी, पण तिच्यावर कथा पाठवू नये. मत्सरी मनुष्य दोष मात्र अचूक दाखवितो, म्हणून त्याचे ऐकावे व राग गिळावा. चौथा विरळा; तो पुष्कळदा अशा जागी बसलेला असतो, जेथे आपण त्यास विचारावयास जातच नाही. त्या सुनेस तो तांदूळ निवडीत बसलेला सापडला.

ज्यांस या वर्षी कथा पाठवावयाची आहे, त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे. श्रावणात लिहावी, आठ दिवस झाकून ठेवावी. संगणकावर लिहीत असल्यास पहिले लेखन पुसू नये. जपून ठेवून दुसरे नव्याने करावे, म्हणजे आपण काय टाळले होते ते दिसते. चारही कामे एकाच बैठकीत करू नयेत, एकेका कामासाठी कथा एकेकदा वाचावी. मग एका विश्वासू माणसास ऐकवावी, त्याचे बोलणे पुरे होईतो आपण काही बोलू नये, आणि काहील उतरवावी. एवढे करूनही कथा साभार परत आली, तर तिला नवे पाकीट द्यावे. लेखणी खाली ठेवू नये.