नळाचं नावच राहिलं!

वस्तीतील पाण्याचे निवेदन घेऊन आम्ही एका साहेबांकडे गेलो होतो. बोलण्याचे काम माझ्याकडे. "म्हणजे साहेब, काय आहे की, म्हणजे आपलं..." करेपर्यंत त्यांना फोन आला. जिना उतरताना एक मावशी म्हणाल्या, "अरे बाबा, नळाचं नावच काढलं नाहीस की!"

घरी तेच पुन्हा बोलून पाहिले. मुलीने मोबाईलवर रेकॉर्ड केले. पाच मिनिटांत 'म्हणजे' एकोणचाळीस वेळा!

बंधू-भगिनींनो, पुढचा शब्द सापडेपर्यंत आपण अशी भर घालतो. क्लार्क व फॉक्स ट्री या अमेरिकन संशोधकांनी २००२ साली मांडले, की 'अं' हा ऐकणाऱ्याला 'जरा थांबा, येतोय शब्द' असा इशारा असतो. घरच्या गप्पांत त्याने काही बिघडत नाही. सभेत मात्र त्या जागी ओठ मिटून गप्प राहावे. तो क्षण आपल्यालाच लांब वाटतो, श्रोत्यांना नाही. साहेबांपुढे तर पहिल्याच वाक्यात मागणी हवी. ते वाक्य पाठच करावे.

पुढच्या खेपेस मी "साहेब, आमच्या नळाला पाणी येत नाही" एवढेच म्हणालो आणि थांबलो. साहेबांनी पेन उचलले. (पाणी यायला आणखी दोन महिने लागले, ते वेगळे.)