स्ट्रिंग ऑफ हार्ट्स : पाणी घालण्याआधी पान पाहा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, वर्गात किंवा घरात खिडकीशी टांगायला एखादी वेल हवी असेल, तर ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ जरूर लावून बघा. दोऱ्यासारखी बारीक खोडं कुंडीतून खाली लोंबतात आणि त्यांवर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची पानं जोडीजोडीने येतात. वरून हिरवी, त्यावर रुपेरी नक्षी, खालून जांभळट. मुलांना ही वेल लगेच आवडते आणि इथेच अडचण सुरू होते. आवडलं की मुलं पाणी घालतात, तेही रोज! ही वेल तहानेने क्वचितच मरते. जास्त पाण्याने मात्र हमखास कुजते. असं का होतं?

पाणी साठवणारी वेल

हिचं शास्त्रीय नाव सेरोपेजिया वूडी. ती मूळची दक्षिण आफ्रिकेची. जॉन मेडली वूड यांना १८८१ मध्ये ती तिथल्या नाताळ प्रांतात खडकांवरून लोंबताना आढळली. ‘वूडी’ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. खडकावर माती थोडी असते आणि पावसाचं पाणी लगेच वाहून जातं. म्हणून ही वेल मांसल पानांत आणि मातीतल्या कंदात पाणी साठवते. खोडाच्या पेरांवरही मण्यांएवढे छोटे कंद धरतात.

आपल्या सह्याद्रीतली कंदीलपुष्पं हिचीच भावंडं. त्यांचाही जीव कंदात असतो. पावसाळा संपला की वेल वाळते, कंद जमिनीखाली जिवंत राहतो. यातल्या काही जाती आज दुर्मिळ आहेत. मुलांना हे नातं जरूर सांगा आणि रानातले कंद उकरू नयेत, हेही सांगा.

काळजी कशी घ्यावी?

* उजेड : खिडकीजवळचा भरपूर उजेड आणि सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारचं कडक ऊन टाळा. दोन पानजोड्यांमधलं अंतर फार वाढू लागलं, तर उजेड कमी पडतोय असं समजा.
* माती : नर्सरीतून आणलेलं रोप बऱ्याचदा नुसत्या कोकोपीटमध्ये असतं. ते ओलावा धरून ठेवतं. त्याऐवजी माती, कंपोस्ट आणि भरपूर जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा वापरा. कुंडी लहानच घ्या. तळाला भोक हवंच.
* पाणी : पान चिमटीत धरून हलकेच दाबा. टणक लागलं तर पाणी नको. मऊ पडलं असेल आणि मातीही आतपर्यंत कोरडी असेल, तर तळातून निथळेपर्यंत पाणी घाला. बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा हात आणखी आखडता घ्या.
* कीड : कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. ओल्या कापडाने पुसून काढा.

एक खूण लक्षात ठेवा. पान सुरकुतलं आणि माती कोरडी असेल, तर वेल तहानलेली आहे. पण माती ओली असूनही पानं पिवळी, लिबलिबीत होत असतील, तर मुळं कुजत आहेत. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे आगीत तेल! खोडाचा चांगला भाग कापून नवीन मातीत लावा.

वर्गातला उपक्रम

बहुतेक वर्गांत ‘पाणी घालण्याची पाळी’ असते. त्याऐवजी ‘पाहण्याची पाळी’ लावा. ज्याची पाळी, त्याने पान दाबायचं, बोटाने माती तपासायची आणि वहीत लिहायचं : पान टणक की मऊ, माती ओली की कोरडी, पाणी घातलं की नाही, का? ‘आज पाणी दिलं नाही’ हेही काम केल्याचंच समजायचं. निरीक्षण, नोंद, अनुमान हे विज्ञानाचे शब्द मुलं अशीच शिकतात, पाठ न करता.

खोडावरचा एखादा मणी वेलीपासून न तोडता ओलसर मातीवर टेकवून ठेवा. काही आठवड्यांत त्याला मुळं फुटतात. मग ते रोप वेगळं करून एखाद्या मुलाला घरी देता येईल. सोबत पाण्याचं वेळापत्रक देऊ नका; पान कसं पाहायचं ते शिकवून पाठवा. पालकहो, घरी त्याला एवढंच विचारा, “आज पान काय म्हणतंय?”