चार्जिंगचा पंखा नेमकं काय गार करतो?

एप्रिल-मेमध्ये जालन्यात पारा 40 अंश ओलांडतो. भर दुपारी लाईट गेली की मोंढ्यातल्या काट्याजवळ किंवा शिलाई मशीनपाशी चार्जिंगचा छोटा पंखा सुरू होतो. तो हवा गार करतो, असा सर्रास समज आहे.

पंखा हवा फक्त हलवतो. कोरडा थर्मामीटर त्याच्यासमोर धरला तर पारा खाली येत नाही. गारवा येतो तो घामामुळे. घामाचे बाष्पीभवन (द्रवाची वाफ होऊन हवेत मिसळणे) होताना कातडीतली उष्णता निघून जाते आणि हलती हवा ते काम लवकर उरकते. माठाचेही असेच असते. बाहेर पाझरलेले पाणी वाऱ्यावर सुकते, म्हणून आतले गार होते. छिद्रे बुजलेला जुना माठ वाऱ्यात ठेवला तरी पाणी कोमटच राहते.

कातडीचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्याहून थंड असली तर झोत थेट उष्णता काढून नेतो. 42 अंशांना मात्र तोच झोत अंगाला उष्णता देतो. शिवाय मराठवाड्याच्या कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच उडतो. ‘मला घामच येत नाही’ म्हणत माणूस पाणी कमी पितो, खरी गफलत इथे होते. जागतिक आरोग्य संघटना 40 अंशांच्या वर निव्वळ पंख्यावर विसंबू नका, असे सांगते.

तेव्हा मानेवर ओला पंचा टाकून त्यावर झोत घ्यावा. पंचा लवकर वाळतो, बादली जवळच ठेवावी.