शिफारसपत्र कोणी लिहायचे?

जुहूच्या नेहरूनगरात आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. वडील रिक्षा चालवतात, मुलगी एम.ए. झाली. परदेशातील विद्यापीठात अर्ज करायचा, तर प्राध्यापकांचे शिफारसपत्र हवे. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो."

पोरगी रात्रभर बसली. "नियमित येते, स्वभावाने शांत आहे," एवढेच तिला सुचले. वेसाव्याच्या मासळीबाजारात महिनाभर फिरून तिने प्रबंध लिहिला होता. त्याचा पत्रात उल्लेखही नाही! ज्यांच्या घरी प्राध्यापक आहेत त्यांच्या मुलांना असे पत्र कसे असते ते ठाऊक असते. आपली पहिलीच पिढी तिथे पोहोचते आहे.

चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावांना केळुसकर गुरुजींनी स्वतः पाहिले होते. म्हणूनच पुढे त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१६ साली बाबासाहेब कोलंबियाहून लंडनला निघाले, तेव्हा प्रा. सेलिग्मन यांनी तिथल्या प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहिले. शिकवलेल्या विद्यार्थ्याविषयीची ती गुरूची साक्ष होती. साक्ष दुसऱ्याकडून लिहून घेता येते का?

पंचशीलातले चौथे शील इथेही लागू आहे, आणि कायदाही. काही दलाल प्राध्यापकाच्या नावाने खोटा ईमेल काढून पत्र परस्पर पाठवतात. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३३६ प्रमाणे फसवणुकीसाठी केलेल्या बनावट दस्तऐवजाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. बनावट कागद खरा म्हणून वापरणाराही कलम ३४० खाली अडकतो. दलाल नामानिराळा राहतो, प्रवेश रद्द होतो तो मुलाचा. उलट, बदनामीच्या भीतीने खरे लिहायला कचरणाऱ्या शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, सद्भावनेने दिलेल्या मताला कायद्यात संरक्षण आहे. चांगले लिहिता येत नसेल तर सरळ नाही म्हणावे. मुलाला दुसरीकडे जाता येते.

आम्ही मुलीला म्हटले, "हे पत्र राहू दे. प्रबंध, गुणपत्रिका आणि अर्ज घेऊन जा, शेवटची तारीखही सांग." ती गेली. सर आधी वैतागले. मग प्रबंध चाळता चाळता त्यांनी विचारले, "हे बाजारातले आकडे तू स्वतः जमवलेस?" प्रबंध त्यांनी ठेवून घेतला आहे.