वेष्टन, ग्रंथ आणि भित्तिपत्रक : दृश्यरचनेमागील विचार

वस्तूचे वेष्टन, ग्रंथाची मांडणी आणि भिंतीवरील पोस्टर ही तिन्ही कामे ग्राफिक डिझायनर करीत असतो. मजकूर तयार झाला की त्यास आकर्षक रूप देणे एवढेच त्याचे कार्य, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. रंग व अक्षर निवडण्यापूर्वी त्यास एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते : हे कोण पाहणार, कोठून पाहणार, आणि कोणास ते दिसणार वा वाचता येणार नाही? या उत्तरातूनच रचनेची संकल्पना जन्मास येते. प्रस्तुत लेखात या तीन कामांचा आम्ही क्रमाने विचार करणार आहोत.

प्रथम वेष्टन. इस्लामपूरच्या (२०२५ साली या शहराचे नाव ईश्वरपूर करण्यात आले) बाजारपेठेतील गिऱ्हाईक फळीवरच्या पुड्याकडे क्षणभरच पाहते. म्हणून वेष्टनास रंगाची भाषा जवळची. परंतु सर्वांचे डोळे सारखे नसतात. याच सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी १९१० साली वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. काही रंगांमधील भेद आपल्या डोळ्यांस कळत नाही असे आढळल्यावर चित्रकला सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. अशी दृष्टी असलेली माणसे आजही दुकानात येतात. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहारासाठी हिरवा व मांसाहारासाठी तपकिरी ठिपका असे. दोन्ही ठिपके गोलच. भेद केवळ रंगाचा. हे दोन रंग ज्यास वेगळे दिसत नाहीत, त्यास ती खूण निरुपयोगी होती. २०२० च्या नियमांनी मांसाहाराची खूण त्रिकोणी केली. बदल लहान आहे. परंतु त्यामुळे वगळला गेलेला माणूस पुन्हा हिशेबात आला.

ग्रंथाची गोष्ट निराळी. तो हातात घेऊन दीर्घकाळ वाचावयाचा असतो. देवनागरीत मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार अक्षराखाली उतरतात. कागद वाचविण्यासाठी ओळी दाटीने बसविल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेस भिडतो आणि वयस्क वाचकाचे डोळे थकतात. ओळींमधील कोरी जागा म्हणजे वाया गेलेला कागद नव्हे. त्याचप्रमाणे मजकुराचे विभाजन हाही रचनेचाच भाग होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याचे आठ खंड असून, खंडांचे भाग, भागांची प्रकरणे आणि प्रकरणांत क्रमांक घातलेली लहान लहान विधाने अशी त्याची मांडणी आहे. वर्षावासात विहारात हा ग्रंथ मोठ्याने वाचला जातो, तेव्हा या मांडणीचा उपयोग प्रत्ययास येतो. काल कोठे थांबलो हे क्रमांकावरून कळते, वाचणारा बदलला तरी धागा तुटत नाही, आणि ऐकणाऱ्यास एका वेळी एकच विचार मिळतो.

भित्तिपत्रक मात्र चालता चालता वाचले जाते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे (१९३५–२०२०) यांची शीर्षके आठवावीत. तेथे अक्षर हेच चित्र होते. नाटकाचा भाव नावाच्या वळणातूनच प्रेक्षकास कळे. याहून प्राचीन उदाहरण सम्राट अशोकाच्या लेखांचे. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याची लिपी ब्राह्मी आहे. वायव्येस शाहबाजगढी येथे मात्र खरोष्ठी लिपी योजिली, तर कंदहार येथे ग्रीक व अरामाईक. ज्या प्रदेशातील लोकांस जी लिपी परिचित, ती तेथे. अक्षर न येणाऱ्यांचाही त्याने विचार केला होता. धौली व जौगड येथील स्वतंत्र कलिंग लेखांत तो आज्ञा करतो की, तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख वाचून दाखवावा, आणि प्रसंगी एकट्या माणसासही तो ऐकवावा.

या कसोटीवर आजची आपली जयंतीची व धम्मचक्र प्रवर्तन दिनाची पत्रके तपासली, तर काय दिसते? शुभेच्छुकांचे चेहरे व नावे यांनी फलक भरून जातो, आणि व्याख्यान कोठे व किती वाजता, ही माहिती तळाशी बारीक अक्षरांत राहते. आमच्याकडूनही ही चूक झालेली आहे. फलक लावणाऱ्यांचा विचार झाला. वाचणाऱ्याचा राहून गेला.

धम्म लोकांनी आपापल्या बोलीत शिकावा अशी अनुज्ञा भगवंतांनी दिल्याचे विनयपिटकाच्या चुल्लवग्गात नमूद आहे. दृश्यरचनेसही तेच तत्त्व लागू पडते, असे आम्हांस वाटते. म्हणून छपाईपूर्वी नमुना भिंतीवर लावावा, वीस पावले मागे जावे, आणि एखादी वृद्ध उपासिका व एखादे शाळकरी मूल यांस तो वाचावयास सांगावे. जेथे ती अडखळतील, तेथे दोष त्यांच्या डोळ्यांचा न मानता रचनेचा मानावा व ती बदलावी.