आतड्यांतील राखणदार जंतू

पीक दाट उभे राहिले म्हणजे तणास डोके वर काढावयास जागा मिळत नाही, हे शेतकरी बंधूंस निराळे सांगावयास नको. माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांतही असाच प्रकार चालतो. जन्मानंतर तेथे नाना जातींच्या जंतूंची दाट वस्ती होते. हे जंतू तेथील अन्न खाऊन टाकतात, जागा व्यापतात, आणि रोगजंतूंस न मानवणारी आम्ले उत्पन्न करतात. म्हणूनच थोडे रोगजंतू पोटात गेले तरी दर वेळी हगवण लागतेच असे नाही.

हे राखणदार नाहीसे झाल्यास काय होते, हे १९५४ साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग करून पाहण्यात आले. साल्मोनेला या रोगजंतूची बाधा होण्यास एरवी सुमारे एक लाख जंतू लागत. स्ट्रेप्टोमायसीनची एक मात्रा पाजल्यानंतर मात्र दहाहूनही कमी जंतू पुरले. औषधाने रान मोकळे झाले आणि तण माजले.

मग राखणदार परत बसविता येतील काय? यंत्रात उबविलेल्या पिलास कोंबडीचा सहवास नसल्यामुळे त्याचे आतडे पडीक जमिनीसारखे असते. १९७३ साली फिनलंडमधील नुर्मी व रांटाला यांनी निरोगी, वाढलेल्या कोंबडीच्या आतड्यांतील जंतू अशा पिलांस दिले, तेव्हा साल्मोनेलाची लागण पुष्कळच कमी झाली.

माणसांतही हा उपाय सिद्ध झाला आहे. प्रतिजैविकांनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूची हगवण काही रोग्यांस पुनःपुन्हा जडते. हॉलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निरोगी माणसाच्या विष्ठेतील जंतू नळीने दिलेल्या १६ रोग्यांपैकी १३ पहिल्याच खेपेस बरे झाले. व्हॅन्कोमायसीन दिलेल्या १३ पैकी ४ च बरे झाले. २०२३ साली अमेरिकेत अशा जंतूंच्या कुप्यांस परवानगी मिळाली.

आपल्या देशात ओरिसातील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. काही बालकांस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जंतू, त्यास पोसणाऱ्या शर्करेसह, सात दिवस दिला. सेप्सिस नावाचा जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण इतर बालकांत शेकडा ९ होते, ते या बालकांत ५.४ वर आले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांस २०१६ साली असे आढळले की, भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला व मेगास्फेरा या जंतूंचे प्राबल्य आहे. तेव्हा परक्या देशातील मिश्रण येथे जसेच्या तसे लागू पडेल, असे धरून चालता येत नाही.

यावरून अंबड व आसपासच्या बागाइतदारांनी काय घ्यावे? घरचे दही-ताक पथ्यकर खरे, परंतु ते परीक्षा केलेल्या जंतूंचे औषध नव्हे. विष्ठेचा उपाय तर घरी कदापि करू नये. त्यात दुसऱ्याचा रोग जडण्याचे भय आहे. मुलास जुलाब लागल्यास प्रथम मीठ-साखरेचे जीवनजल पाजावे व दवाखाना गाठावा. प्रतिजैविक स्वतःच्या मनाने देऊ नये. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी प्रतिजैविके मिसळण्याची चालही सोडावी. माणसांच्या शेवटच्या उपायांपैकी एक असलेले कोलिस्टिन पशुपक्ष्यांस देण्यास सरकारने २०१९ साली बंदी केली, ती याच काळजीने. विहिरीचे पाणी शुद्ध ठेवणे हे पहिले कुंपण होय; आतले राखणदार जपणे हे दुसरे. दोन्ही शाबूत ठेवणे आपल्याच हाती आहे, असे आम्हांस वाटते.