कुर्बानीची सुरी: पातं कसं निवडायचं, धार कशी लावायची

बकरी ईद जवळ आली की घराघरात चर्चा सुरू होते ती बोकडाची. भाव काय, दात किती, वजन किती, आणायचं कुठून. कामण, वसई, भिवंडी या पट्ट्यात तर महिनाभर आधीपासून हाच विषय असतो. सुरीची आठवण मात्र शेवटच्या रात्री येते. मग माळ्यावरून गेल्या वर्षीची सुरी खाली येते, तिच्यावर गंज चढलेला असतो आणि कुणीतरी ती ओट्याच्या कडेवर घासायला लागतं. जनावरावर हजारो रुपये खर्च होतात, पण त्याला त्रास किती होणार हे ठरवणाऱ्या वस्तूकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून या लेखात आम्ही फक्त सुरीबद्दल बोलणार आहोत.

ह. शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून आलेली आणि सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली हदीस बहुतेकांना माहीत असते. जिबह करणाऱ्यानं आपलं पातं धारदार करावं आणि जनावराला आराम द्यावा, असा प्रेषितांचा (स.) आदेश त्यात आहे. म्हणजे धार लावणं हे ईदच्या तयारीतलं किरकोळ काम नाही. तो इबादतीच्या अदबीचा भाग आहे.

धार नेमकं काय करते?

कापण्याचं काम हाताचा जोर करतो, असा आपला समज असतो. खरं तर तोच जोर जितक्या कमी जागेवर पडेल तितका दाब वाढतो. धारदार पात्याची कड इतकी बारीक असते की थोड्या जोरातही कातडी आणि नस लगेच दुभंगते. बोथट पात्याची कड जाड असते. त्यामुळे जोर पसरतो आणि कातडी आत दबते. नसा रबरासारख्या लवचिक असतात, त्या बोथट पात्यापुढे कापल्या न जाता बाजूला सरकतात किंवा चेंगरतात. चेंगरलेल्या नसेतून रक्त कमी वाहतं आणि लवकर गोठू लागतं. स्वच्छ कापलेल्या नसेतून ते वेगानं वाहतं, मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि जनावराची शुद्ध लवकर हरपते. त्याला त्रास कमी होतो तो या कारणानं.

हीच गोष्ट बाणालाही लागू पडते. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वारली, कातकरी समाजात तीरकामठा पिढ्यान्‌पिढ्या आहे. बाणाच्या टोकाला लोखंडी पातं असतं आणि ते घासून धारदार ठेवावं लागतं, कारण बाण धक्क्यानं नाही तर कापून आत शिरतो. 1980च्या दशकात एड अ‍ॅशबी या अमेरिकन शिकाऱ्यानं दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात बाणाची वेगवेगळी पाती तपासली. दोन धारांचं, लांबट, मजबूत आणि नीट धार लावलेलं पातं सर्वांत खोल जातं, असा त्याचा निष्कर्ष होता.

शिकारीच्या फिकहमध्येही हाच फरक केलेला आहे. ह. अदी बिन हातिम (रजि.) यांनी मिअराद, म्हणजे बिनपिसांच्या जाड बाणाबद्दल विचारलं होतं. त्याचं धारदार टोक लागून जनावर मेलं तर ते हलाल, पण बाण आडवा आदळून मेलं तर ते मारानं मेलेलं, म्हणून खाऊ नये, असं उत्तर त्यांना मिळालं. धारेनं कापलं की माराने मेलं, हा प्रश्न सुरीलाही तसाच लागू होतो.

इथं एक सांगून ठेवतो. कामणच्या शेजारीच तुंगारेश्वरचं जंगल आहे. 2003 मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झालं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, मग ती बंदुकीनं असो, फासानं असो की तीरकामठ्यानं. ससा किंवा रानडुक्कर ‘छोटी शिकार’ म्हणून सुटत नाही. अभयारण्यात शिकार केली तर 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते. तेव्हा पोरांना हे स्पष्ट सांगा. आपल्यासाठी धारेचं हे ज्ञान सुरीपुरतंच आहे.

काय कापायचं असतं?

गळ्यात चार गोष्टी असतात: श्वासनलिका (हलकूम), अन्ननलिका (मरी) आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या (वदजैन). हनफी मतानुसार चारपैकी किमान तीन कापल्या गेल्या पाहिजेत. आपल्या कोकणी मुस्लिमांपैकी बहुतेक जण शाफई आहेत. शाफई मतानुसार श्वासनलिका आणि अन्ननलिका पूर्ण कापणं आवश्यक आहे आणि रक्तवाहिन्या कापणं सुन्नत. चारही कापणं दोन्हीकडे उत्तम. बारीक मसले आपल्या मशिदीतल्या मौलानांना विचारावेत. पण एक गोष्ट कुणालाही दिसेल: चारही गोष्टी एका हाताच्या ओघात कापायच्या तर सुरी लांब आणि धारदार हवी. छोट्या किंवा बोथट सुरीला पुन्हा पुन्हा करवतीसारखं ओढावं लागतं.

सुरी निवडताना

*लांबी:* पातं जनावराच्या मानेच्या रुंदीच्या किमान दुप्पट लांब असावं. बोकड, मेंढ्यासाठी साधारण 8 ते 10 इंच पुरतं. मोठ्या जनावराला त्याहून लांब सुरी लागते आणि ते काम सरावलेल्या कसायाचंच आहे. भाजी चिरायच्या 5 इंची सुरीनं कुर्बानी करू नका. तिचं टोक जखमेच्या आत जाऊन टोचतं.

*कड:* सरळ किंवा अगदी हलका बाक असलेली. करवतीसारखे दाते असलेली पावाची सुरी अजिबात नको. ती कापत नाही, फाडते.

*पोलाद:* हाय कार्बन पोलादाला धार चटकन लागते आणि टिकते, पण ते गंजतं. वापरल्यावर धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावं लागतं. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, पण स्वस्त स्टेनलेस मऊ असतं आणि त्याची धार दोन-तीन जनावरांत बसते. वर्षातून एकदाच वापर असेल आणि काळजी घ्यायला वेळ नसेल तर बऱ्या प्रतीचं स्टेनलेस घ्या. रोज काम करणाऱ्या कसायाला कार्बन बरं.

*मूठ:* हात ओला असताना घसरणार नाही अशी. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असावं आणि रिव्हेट घट्ट असावेत. मूठ हलत असेल तर ती सुरी बाजूला ठेवा.

हाडं तोडायला वेगळा सत्तूर ठेवा. जिबहची सुरी हाडावर मारली की कडेला खाच पडते, आणि खाच पडलेली सुरी पुढच्या जनावराला फाडते.

धार लावायची कशी?

हे काम ईदच्या किमान दोन-तीन दिवस आधी, शांतपणे करा.

1. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दुहेरी दगड मिळतो. त्याची एक बाजू जाड, दुसरी बारीक असते. तो ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. दगडावर पाणी किंवा पातळ तेल घ्या. एकदा तेल लावलेला दगड पुढे तेलावरच वापरा.

2. कोन ठरवा. प्रत्येक बाजूनं साधारण 20 अंश चांगला. त्याहून कमी कोनाची धार तीक्ष्ण असते पण लवकर दुमडते. जास्त कोनाची टिकते पण नीट कापत नाही. अंदाज येत नसेल तर कागदाचा काटकोनी कोपरा मधोमध दुमडा, मग पुन्हा एकदा दुमडा. साडेबावीस अंशांची पाचर तयार होते. ती दगडावर ठेवून सुरीचा कल तिच्याहून किंचित कमी ठेवा. पातं 4 सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण 1.4 सेंटीमीटर वर येते.

3. आधी जाड बाजू. दगडावरून पातळ साल काढतोय अशा हालचालीनं, मुठीपासून टोकापर्यंत पूर्ण पातं फिरवा. कोन बदलू देऊ नका. नवख्याची धार बिघडते ती इथेच. तो जोर लावतो आणि मनगट हलवतो.

4. थोड्या वेळानं पात्याच्या दुसऱ्या बाजूला, कडेशी, तारेसारखा बारीक खरखरीत काठ हाताला लागतो. कारागीर त्याला ‘बर’ म्हणतात. बोट कडेच्या आडवं, पाठीकडून बाहेर फिरवून तो बघा; कडेच्या लांबीवरून बोट कधीच फिरवू नका. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे बर आली म्हणजे ती बाजू झाली. मग दुसरी बाजू तशीच करा.

5. आता बारीक बाजू. तीच कृती, पण जोर कमी करत न्या. शेवटी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, अगदी हलक्या हातानं.

6. जुन्या चामडी पट्ट्यावर पातं पाठीच्या दिशेनं, म्हणजे धार मागे राहील असं 10-15 वेळा ओढा. उरलेली बर निघून जाते. बर राहिली तर सुरी दगडावर धारदार वाटते आणि पहिल्याच कापाला बसते.

7. तपासणी. दिव्याखाली कड डोळ्यासमोर धरा. बोथट जागेवर प्रकाश पांढऱ्या रेघेसारखा चमकतो, चांगली कड दिसतच नाही. मग वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापा. पातं न अडकता, कागद न फाटता सरळ गेलं पाहिजे. जिथं अडकेल तिथं खाच आहे. पुन्हा दगडावर जा.

धारवाल्याकडे देणार असाल तर एवढं बघा: फिरत्या चाकावर सुरी फार वेळ दाबली तर पोलाद तापतं. कडेवर निळसर रंग आला की तिथलं पोलाद मऊ पडलं समजा, तिथं धार टिकत नाही. मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगा आणि घरी आणल्यावर बारीक दगडावरून फिरवून घ्या.

ईदच्या दिवशी

जनावरासमोर सुरीला धार लावू नये. एका माणसानं तसं केलं तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला टोकलं, अशी हदीस आहे. एका जनावरासमोर दुसरं कापू नये. सुरी शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवा.

धारदार सुरीला जोर लावायचा नसतो, ती लांबीनं ओढायची असते. पूर्ण पातं वापरा. मान तोडू नका, मणक्यापर्यंत जाऊ नका, आणि जनावर पूर्ण थंड होईपर्यंत कातडी काढायला हात लावू नका.

प्रत्येक जनावरानंतर सुरी धुऊन कड तपासा. एकाहून जास्त कुर्बान्या असतील तर दोन सुऱ्या तयार ठेवा. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी हौसेखातर पुढे होऊ नये. आपल्या वतीनं जाणत्या माणसाला जिबह करायला सांगून आपण शेजारी उभं राहिलं तरी कुर्बानी आपलीच असते. कुर्बानी ठरवून दिलेल्या जागीच करा. सुरी रस्त्यानं उघडी नेऊ नका, म्यानात किंवा जाड कापडात गुंडाळून न्या. काम झालं की मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

दगडावर अर्धा तास गेला तर गळ्यावरचे काही सेकंद वाचतात. जनावराला बोलता येत नाही, त्यामुळे त्या सेकंदांचा हिशेब त्याच्याकडून कुणी मागणार नाही. तो आपल्याला द्यायचा आहे. तेव्हा या वर्षी बोकड बघायला निघण्याआधी एकदा माळ्यावरची सुरी खाली काढा आणि तिची कड उजेडात धरून बघा.